पहिला पीस

सातव्या बोर्डाची ओळ लाल झाली आणि मी बटण दाबलं.

सकाळचे पावणेनऊ वाजले होते. लॅबमध्ये मी एकटाच होतो. भिंतीला लावलेल्या लोखंडी मांडणीवर सर्किटचे बारा बोर्ड ओळीनं उभे, प्रत्येकावर एक बारीक दिवा आणि एक लाल बटण. बटण दाबलं की बोर्ड पुन्हा पहिल्यापासून सुरू होई. सातव्याचा दिवा विझला, पेटला, पडद्यावरची लाल ओळ पुसली गेली आणि तिच्या जागी हिरवी आली. मग मी वही उघडली आणि डाव्या हातानं त्या दिवसाच्या तारखेपुढं लिहिलं, 'सर्व पास'. एवढं मला झरझर लिहिता येई. दोन महिने रोज तेच लिहीत होतो.

चिंचवडला आमची छोटी कंपनी होती. वीस-बावीस माणसं. आम्ही डिबगर बनवत असू. डिबगर म्हणजे दुसऱ्यांनी लिहिलेल्या प्रोग्राममधल्या चुका शोधायचं साधन. प्रोग्राम धावत असताना एखाद्या ओळीवर खूण करून ठेवायची, त्या ओळीपाशी आला की प्रोग्राम जागच्या जागी उभा राहिला पाहिजे. त्या खुणेला ब्रेकपॉइंट म्हणतात. तो थांबला की माणसानं आत डोकावून बघायचं, काय चाललंय ते. आमच्या इंजिनिअर लोकांनी डिबगरमध्ये काही बदल केला, की कालपर्यंत नीट चालणारं आज बिघडलं तर नाही ना, हे बघायला रोज सकाळी या बोर्डांवर साडेतीनशे चाचण्या आपोआप चालत. पहिली चाचणी ब्रेकपॉइंटचीच. थांबला तर हिरवी ओळ, नाही थांबला तर लाल.

आपोआप म्हणायचं, पण एक माणूस लागेच. चाचणी लाल होऊन बोर्ड अडकला की संगणकाकडे त्याची नोंद राहत नसे. बटण दाबलं की पडदा पुसून पुन्हा सुरुवात. म्हणून मांडणीवर एक कागद चिकटवला होता : 'लाल दिसलं की आधी वहीत उतरवा. मग हाक मारा. बटण शेवटी.' तो कागद अनघाताईंनी लावला होता. त्या या चाचण्यांच्या प्रमुख. वय सव्वीस. मी तेव्हा अठ्ठेचाळीसचा.

त्या दिवशी त्या सव्वानऊला आल्या आणि पर्स टेबलावर टाकायच्या आधी त्यांनी वही उचलली.

"काका, आज साठ झाले."

"काय साठ?"

"दिवस. साठ दिवस एकही लाल नाही. इनामदार साहेब म्हणाले होते, साठ दिवस वही स्वच्छ राहिली तर डिबगरची नवीन आवृत्ती बाहेर काढू. संध्याकाळी पाच वाजता सही करणार. आहात कुठं!"

"इथंच आहे की."

"पेढे माझ्याकडून. पण दूधवाल्याकडचे नाहीत, नीट दुकानातले."

त्या हसत खुर्चीवर बसल्या. मीही हसलो. सातव्या बोर्डाकडे मी बघितलं नाही.

आता ते लाल का होई, हे मला माझ्या परीनं माहीत होतं. रात्रभर वीज बंद असे. सकाळी सुरू केलं की बारातला एखादा बोर्ड पहिल्या फेरीला थांबायचा नाही. बटण दाबून दुसऱ्या फेरीला घेतला की दिवसभर चुकायचा नाही. मी तेवीस वर्षं भोसरीत पॉवर प्रेसवर, म्हणजे पत्रा दाबून पीस काढायच्या मशीनवर, काम केलेलं. तिथं एक रीत आहे. पाळी सुरू झाली की पहिला पीस मोजायचा नाही, बघायचाही नाही, सरळ भंगाराच्या पेटीत टाकायचा. मशीन थंड, तेल थंड, माणूसही थंड. पहिला पीस कधी कुणाचा धड येतो का? त्याची नोंद कुणी करत नाही. जो करेल त्याला मुकादम वेड्यात काढेल. तसंच हे, असं मी स्वतःला सांगितलं होतं.

दुपारी एक वाजता आम्ही डबे उघडले. जेवताना अनघाताई मला शिकवत. आधी मराठी अक्षरं झाली, मग इंग्रजी. त्या दिवशी त्यांनी जुन्या वर्तमानपत्रातली जाहिरात पुढं ठेवली होती आणि मी बोट ठेवून वाचत होतो. तेवढ्यात फोन वाजला.

"बोल अल्ताफ," त्या म्हणाल्या. मग मला खुणेनं, वाचा, वाचा.

अल्ताफ तांबोळी हा भोसरीच्या एका प्रेस शॉपमधला तरुण इंजिनिअर. त्यांनी जुन्या पॉवर प्रेसला नवा कंट्रोलर बसवला होता, म्हणजे पंच कधी खाली यायचा ते आता प्रोग्राम ठरवणार. तो प्रोग्राम तपासायला आमच्या नव्या आवृत्तीची एक प्रत त्याला आधीच दिली होती. त्याचा आवाज मोठा. मला पलीकडून ऐकू येत होतं.

"मॅडम, सकाळी मशीन चालू केलं ना, तेव्हा एकदा पंच आपोआप खाली आला. ब्रेकपॉइंट लावलेला होता. थांबलाच नाही."

अनघाताईंचा घास हातातच राहिला. "कुणाला लागलं?"

"नाही, नाही. डायमध्ये काहीच नव्हतं. नंतर मी पंचवीस वेळा केलं, पंचवीसही वेळा थांबला. म्हणून विचारतो, तुमच्याकडं असं कधी आलंय?"

त्यांनी डाव्या हातानं वही ओढली. पानं मागे मागे उलटत गेल्या. माझ्या अक्षरातलं 'सर्व पास', 'सर्व पास', 'सर्व पास'.

"साठ दिवसांत एकदाही नाही. बारा बोर्ड, रोज. वही समोर आहे माझ्या. तुझं वायरिंग बघ अल्ताफ. वाल्व्हची वायर सैल असेल."

"तसंच असेल. आता जेवायची सुट्टी झालीय, मेन पाडलाय. दीडला चालू करतो. कचरूभाऊ डाय बसवून घेतील म्हणजे दुपारी पीस काढता येतील. पाचला तुमची सही ना? मग पेढे!"

"हो, ठरलंय."

फोन ठेवला गेला. भिंतीवरच्या घड्याळात एक वाजून सात मिनिटं.

"पुढं वाचा ना काका," अनघाताई म्हणाल्या.

मी जाहिरातीकडे बघत होतो, पण अक्षरं दिसत नव्हती. डाय बसवणं म्हणजे काय, ते मला दिसत होतं. डाय सेटर वाकतो. वरचा पंच आणि खालची डाय यांच्यात दोन्ही हात घालतो. बोटांनी चाचपतो, डाय केसभर इकडे, केसभर तिकडे सरकवतो. मेन पाडून, म्हणजे मुख्य स्विचनं वीज तोडूनच हात घालावा असा नियम आहे. पण दर वेळी मेन पाडला की सगळं पहिल्यापासून मांडावं लागतं, म्हणून कुणी पाडत नाही. 'प्रोग्राम थांबलेला आहे, घाला हात,' असं इंजिनिअरनं म्हटलं की घालायचा. माझ्या उजव्या हाताची पहिली दोन बोटं अशाच एका 'घाल हात' वर गेली होती. त्यानंतर प्रेसचं काम सुटलं.

"ताई, त्यांनी मेन पाडलाय म्हणाले?"

"हो. का?"

"म्हणजे कंट्रोलर पण बंद."

"बंदच असणार."

"अर्धा तास."

"काका, काय झालं?"

मी लगेच बोललो नाही. हे मी लपवणार नाही. मी डब्याचं झाकण लावलं. पाण्याचा घोट घेतला. दोन मिनिटं तरी गेली असतील. साठ दिवस, पाचची सही, त्यांचे पेढे, आणि माझी नोकरी. मुलगी बारावीला होती. आणि तिकडे कुणी कचरू नावाचा माणूस भाकरी खात असेल, हात धुऊन येईल.

"ताई, ती वही खरी नाही."

"म्हणजे?"

"लाल होतं. रोज नाही, पण आठवड्यातून तीन-चार सकाळी होतं. आज सातवा होता. काल तिसरा. मी बटण दाबतो, मग हिरवं येतं. मग लिहितो."

त्यांनी माझ्याकडे असं बघितलं जसं माझ्या तोंडून दुसराच कुणी बोलतोय.

"कुठली चाचणी?"

"पहिलीच. ब्रेकपॉइंटची. थंड बोर्ड पहिल्यांदा थांबत नाही. एकदा सुरू झाला की थांबतो."

"तुम्हाला कळत होतं आणि तुम्ही... कागद लावलाय तिथं! मोठ्या अक्षरात! तुम्हीच वाचून दाखवला होतात मला!"

"पहिला पीस म्हणून सोडला ताई. आमच्यात पहिला पीस मोजत नाहीत."

"हे तुमचं प्रेस शॉप नाही काका!"

"तिकडं आहे," मी म्हणालो. "तिकडं प्रेस शॉपच आहे."

त्यांना तेव्हा कळलं. त्यांनी फोन उचलला, नंबर फिरवला. घंटा वाजत राहिली. दुसऱ्यांदा फिरवला. जेवायच्या सुट्टीत तिथलं ऑफिस कुलूप लावून सगळे शेडमागच्या झाडाखाली बसतात, हे मला ठाऊक होतं. मोबाइल तेव्हा मालकांकडे असे, बाकी कुणाकडे नाही.

"चला," त्या म्हणाल्या.

एक वाजून चौदा मिनिटांनी आम्ही त्यांच्या स्कूटरवर होतो. मी मागे. एरवी कितीही घाई असली तरी गाडी सावकाश चालवणारी मुलगी, त्या दिवशी तिनं दोन सिग्नल तोडले. भोसरीच्या वळणावर सळयांनी भरलेला ट्रक मागे घेत होते. रस्ता पूर्ण अडलेला. क्लीनर हात हलवत होता, येऊ दे, येऊ दे. एक चोवीस. एक पंचवीस.

"मी उतरतो. पळतो," मी म्हणालो.

"बसा!" आणि तिनं गाडी गटाराच्या कडेवर चढवली. माझा गुडघा सळईला घासला. आम्ही पार झालो.

फाटकातून आत शिरलो तेव्हा शेडमध्ये फ्लायव्हीलचा, प्रेसच्या त्या जड चाकाचा, घुमारा चालू झालेला होता. तो आवाज मी झोपेतही ओळखीन. मेन चालू केलेला होता. आत टोकाला तो प्रेस उभा. बाजूच्या टेबलावर संगणक, त्याच्यापुढे जाड चष्म्याचा अल्ताफ, आणि प्रेससमोर खाकी शर्टातला एक वाकलेला माणूस. त्याचे दोन्ही हात मनगटापर्यंत आत.

अनघाताईंनी तोंड उघडलं. मी त्यांचा दंड घट्ट धरला.

"हाक मारू नका!"

डायमध्ये हात असलेल्या माणसाला हाक मारायची नाही. तो दचकतो, मान वर करतो, तोल जातो. ही पण तिथली रीत, आणि ही खरी. मी भिंतीच्या कडेनं निघालो. मेन स्विच कुठं असतो हे शोधावं लागलं नाही. सगळ्या शेडमध्ये तो तिथंच असतो. अल्ताफ संगणकावर वाकून म्हणाला, "लावला ब्रेकपॉइंट कचरूभाऊ. चालू करू?" आणि कचरूभाऊ म्हणाला, "कर."

मी दांडा खाली ओढला.

दिवे गेले. पंखे मंदावले. फ्लायव्हील नुसतंच फिरत राहिलं, पण क्लच सुटला होता, पंच वर होता. कचरूभाऊनं हात बाहेर काढले आणि वळून बघितलं. पन्नाशीचा, पांढरी दाढीची खुंटं, कपाळावर तेलाचा पट्टा.

"कोण रे तो शहाणा?"

"ओ काका!" अल्ताफ ओरडला. "कोण तुम्ही? कुणी हात लावायला सांगितला?" मग त्याला अनघाताई दिसल्या. "मॅडम? तुम्ही इथं?"

त्या धापा टाकत सांगू लागल्या. थंड असताना पहिला ब्रेकपॉइंट लागत नाही, आमच्याकडे पण होतंय, आत्ताच कळलं. अल्ताफनं ऐकून घेतलं आणि डोकं हलवलं.

"अर्ध्या तासापूर्वी तर म्हणालात साठ दिवसांत एकदा पण नाही."

"तेव्हा मला माहीत नव्हतं."

"ठीक आहे. बघू या." त्यानं कोपऱ्यातून एक सागाचा ठोकळा आणला, डायवर ठेवला. सगळ्यांना मागे सरकवलं. मेन चालू केला, खूण लावली, प्रोग्राम सोडला.

पंच जागेवरच राहिला. प्रोग्राम थांबला होता.

"बघा," अल्ताफ म्हणाला. त्यानं पुन्हा मेन पाडला, पुन्हा चालू केला. पुन्हा थांबला. तिसऱ्यांदा केलं. तिसऱ्यांदाही थांबला.

"मॅडम, माझा अर्धा दिवस चाललाय. चार वाजता आमचे मालक येणार आहेत."

अनघाताई माझ्याकडे बघू लागल्या. त्यांच्या डोळ्यांत आता राग नव्हता, शंका होती. म्हाताऱ्यानं काहीतरीच सांगितलं आणि मला इथवर पळवलं, अशी. कचरूभाऊ पुढे सरकला होता. कमरेच्या फडक्याला हात पुसत होता.

"झालं ना? घालू का हात?"

"नको," मी म्हणालो.

"का नको?"

"एवढ्यात गार होत नाही. जरा जास्त वेळ बंद ठेवायला लागतं."

"किती वेळ?" अल्ताफनं विचारलं. "घड्याळ लावून सांगा ना. मिनिटं सांगा."

मिनिटं मी कधी मोजली नव्हती. पण लॅबमधली वीज मध्येच गेली की काय होई, ते मला आठवत होतं. लगेच आली तर सगळे हिरवे. मी खाली टपरीवर चहा घेऊन वर आल्यावर वीज आली, तर एखादा लाल.

"एक चहा पिऊन होईल एवढा वेळ," मी म्हणालो.

अल्ताफ हसला. कचरूभाऊ हसला नाही. तो म्हणाला, "मग चहा पिऊ. हात माझेत. मला घाई नाही."

मेन पाडला. कुणीतरी चहा आणला. आम्ही चौघं प्रेसभोवती उभे राहून चहा प्यालो. कचरूभाऊनं माझ्या उजव्या हाताकडे एकदा बघितलं, मग माझ्या तोंडाकडे.

"कुठल्या शॉपात?"

मी शॉपाचं नाव सांगितलं.

"सेटिंगला?"

"सेटिंगलाच."

त्यानं मान हलवली आणि रिकामा ग्लास खाली ठेवला. अल्ताफनं घड्याळ बघितलं. सात मिनिटं झाली होती. ठोकळा डायवर तसाच होता. त्यानं मेन चालू केला, आम्ही मागे सरकलो, फ्लायव्हीलचा घुमारा चढत गेला. त्यानं ओळीवर खूण लावली आणि अनघाताईंना दाखवली. त्यांनी पडदा नीट बघून मान डोलावली. त्यानं कळ दाबली.

पंच खाली आला.

सागाचा ठोकळा उभा चिरला. एक ढलपी अल्ताफच्या पायापाशी येऊन पडली. पंच वर गेला. पडद्यावर प्रोग्राम खुणेच्या पुढं निघून गेलेला होता, जणू तिथं खूण नव्हतीच.

अल्ताफनं चष्मा काढला. अनघाताईंनी भिंतीला हात टेकला. फ्लायव्हील घुमत राहिलं. मी जाऊन मेन पाडला.

कचरूभाऊ वाकला. ठोकळ्याचे दोन तुकडे त्यानं उचलले, एकमेकांना लावून बघितले.

"अल्ताफ, सकाळी पण हेच झालतं ना?"

"हो."

"आणि तुम्ही," तो मला म्हणाला, "तुम्हाला कधीपासून माहीत होतं?"

अनघाताई मधे बोलल्या, "काकांनीच सांगितलं म्हणून आम्ही आलो. त्यांच्यामुळंच..."

"नाही ताई," मी म्हणालो. "दोन महिने माहीत होतं, भाऊ. माझ्याच हातात वही होती. मी पहिला पीस म्हणून सोडून देत होतो."

कचरूभाऊ प्रेसवाला होता. त्याला ते समजावून सांगावं लागलं नाही. त्यानं ते तुकडे हातात फिरवले.

"पहिला पीस," तो म्हणाला. "आज पहिला पीस मी होतो की."

मी मान खाली घातली.

"बरं, सोडलं ते सोडलं. लिहून का नाही ठेवलं? आपल्याला अंगठा उठवायला सांगत होते तेव्हाची गोष्ट वेगळी. तुमच्याकडं तर वही होती, म्हणजे लिहिता येतं."

या प्रश्नाला पहिल्या पिसाचं उत्तर चालणार नव्हतं. मी ते स्वतःला दोन महिने देत आलो होतो आणि तिथं, त्या चिरलेल्या लाकडापुढं, ते माझ्या तोंडातून निघेना.

"येतं," मी म्हणालो. "पण ती लाल ओळ लांबलचक असते. इंग्रजी, मध्ये आकडे. डाव्या हातानं उतरवायला मला वीस मिनिटं लागतात. नऊला पोरं यायला लागतात. तोवर पुरी होत नाही. दारात उभं राहून कुणी बघेल, म्हातारा अजून गिरवतोय... म्हणून आधी बटण दाबायचो. 'सर्व पास' लवकर लिहून होतं."

अनघाताईंनी माझ्याकडे बघितलं नाही. ऑफिसमध्ये कुणी पाहुणा आला की त्या सांगत, आमचे कुदळेकाका वर्षात दोन भाषा वाचायला शिकले. ते सांगताना त्यांचा चेहरा उजळे. मला ते ऐकायला आवडत असे.

"वीस मिनिटं," कचरूभाऊ म्हणाला. त्यानं दोन्ही तुकडे भंगाराच्या पेटीत टाकले आणि हात झटकले. "लागू द्यायची की."

पाचला सही झाली नाही. इनामदार साहेबांच्या केबिनमध्ये आम्ही दोघं उभे होतो. अनघाताई म्हणाल्या, चूक माझी, मी चाचणी अशी बांधली की नोंद माणसाच्या हातावर अवलंबून राहिली. मी म्हणालो, चूक माझी. साहेबांनी दोघांचं ऐकलं.

"कुदळे, त्या माणसाचे हात गेले असते तर?"

"गेले असते साहेब."

"एवढंच?"

"अजून काय सांगू."

त्यांनी वही मागून घेतली आणि खणात ठेवली. "उद्यापासून बटणाला हात लावायचा नाही," ते म्हणाले. मला वाटलं, नोकरी गेली. मी घरी तसंच सांगितलं. बायको म्हणाली, हात शाबूत आहेत ना त्याचे? मग झोपा.

दुसऱ्या दिवशी तरीही कामावर गेलो, तर अनघाताई मांडणीखाली जमिनीवर बसून वायरी जोडत होत्या. बाराही बोर्डांची वीज आता संगणकच तोडणार आणि संगणकच जोडणार होता. चाचणी लाल झाली की नोंद आपोआप वेगळ्या जागी उतरणार होती, तिथून ती पुसायला कुणालाच जमणार नव्हतं. मला म्हणाल्या, "पक्कड द्या." मी दिली. दिवसभर एवढंच बोलणं झालं. संध्याकाळी त्या पडद्यावर काहीतरी लिहीत थांबल्या आणि माझ्याकडे न वळता म्हणाल्या,

"एक चहा म्हणजे किती सेकंद?"

"आपल्या टपरीचा?"

"हो."

"जाऊन, पिऊन, वर यायचं म्हणजे सात-आठ मिनिटं. गर्दी नसली तर."

"पाचशे धरते."

सगळं बसवायला पाच दिवस गेले. सहाव्या दिवशी सकाळी मी कुलूप काढून आत गेलो आणि खुर्चीवर बसलो. करायला काही नव्हतं. संगणकानं वीज तोडली. बाराही दिवे विझले. पाचशे सेकंद मी बसून होतो. मग दिवे एकेक करून लागले आणि हिरव्या ओळी यायला लागल्या. एक, दोन, तीन, चार.

पाचव्या बोर्डाची ओळ लाल आली.

मी दोन्ही हात मांडीवर ठेवले. ओळ लालच राहिली. नऊ वाजायच्या आत अनघाताई आल्या, त्यांच्यामागून आणखी दोघं पोरं. पडदा दारातूनच दिसत होता, तरी त्या माझ्या खुर्चीमागे येऊन थांबल्या.

"काका, काय आलंय?"

मी बोट पडद्याजवळ नेलं आणि वाचायला लागलो. पहिल्या शब्दाला अडलो. मागून एक पोरगा सांगायला पुढं झाला, तर त्यांनी त्याला हातानं थांबवलं. मी पुन्हा पहिल्या अक्षरापासून सुरुवात केली. बोर्ड पाच. चाचणी एक. आकडा आला, तो वाचला. मग ते लांब शब्द. दाराशी आणखी दोघं येऊन उभे राहिले. घड्याळ चालू होतं, दिवसाचं काम खोळंबलं होतं आणि कुणी खुर्ची ओढून बसलंसुद्धा नाही.

"ब्रेकपॉइंटवर थांबला नाही," मी शेवटी म्हणालो.

"पुढं अजून एक शब्द आहे," अनघाताई म्हणाल्या.

मी तोही वाचला. 'फेल'.